मिलिंदनं मोजलेल्या चुका

आमच्या घरात कानांची कमतरता नव्हती. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण ती पोटापाण्याची सोय. खरे ते गायनपार्टीचे बुवा. जयंतीच्या महिन्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्यांच्या भीमगीतांचे कार्यक्रम गावोगाव चालायचे, आणि त्यांचा कान असा की न्हाणीत अंगावर पाणी घेत असले तरी गच्चीवर माझं बोट पेटीच्या चुकीच्या पट्टीवर पडलं की खालून आवाज यायचा, "सुजे, निषाद कोमल हाय." आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला सूर कळायचे नाहीत, पण पेटी थांबलेली बरोबर कळायची. स्वयंपाकघरातून विचारायची, "का गं, झोपली का?" आणि भिंतीपलीकडच्या शहनाज खाला तर दोन्हीत पुढं. मी एखादं गाणं अर्ध्यात सोडलं की त्या खिडकीतून म्हणायच्या, "अगे पूरा तो कर. अब मेरेकू दिनभर वोच आधा गाना याद आता रहेंगा." अशा घरात मी सोळा वर्षांची झाले. दहावीची परीक्षा देऊन मोकळी होते, निकाल लागायचा होता, आणि उन्हाळा आपल्या औरंगाबादचा, म्हणजे सकाळी नऊलाच गच्चीच्या फरशीवर पाय ठरत नाही असा. (शहराचं नाव आता बदललंय. माझी नातवंडं संभाजीनगर म्हणतात, मीही म्हणते. पण त्या उन्हाळ्याची आठवण निघाली की जिभेवर जुनंच नाव येतं, त्याला माझा इलाज नाही.)

माझी अडचण वेगळीच होती. एकटी असले की मी बरी वाजवायची, बाबा म्हणायचे त्याहूनही बरी. पण कुणी समोर बसून ऐकतंय हे कळलं की बोटांची लाकडं व्हायची. आदल्या वर्षी गल्लीतल्याच कार्यक्रमात बाबांनी मला पेटीवर बसवलं होतं. समोर सगळी ओळखीची माणसं, लहानपणी मला कडेवर घेतलेली. पहिल्या अंतऱ्याला माझे हात थिजले आणि मी पेटी तशीच उघडी टाकून घरी पळून आले. त्यानंतर बाबांनी मला एकदाही कार्यक्रमाला बस म्हटलं नाही. रागावले असते तर परवडलं असतं. मी मात्र हट्टानं रोज पहाटे साडेपाचला पेटी घेऊन गच्चीवर जायची, कारण त्या वेळी बाबा अंघोळीला, आई पाण्याच्या नळापाशी आणि खाला नमाजला असायच्या. मला तेवढीच अर्ध्या तासाची निवांत जागा सापडली होती.

त्या जागेत एके दिवशी एक मुलगा येऊन बसला. आमच्या गच्चीला लागून भगवानमामांची गच्ची होती, मध्ये कमरेएवढी भिंत. मामा पाट्या रंगवायचे. शहागंजातल्या निम्म्या दुकानांवर त्यांच्या हातची अक्षरं होती, मराठीत, हिंदीत आणि उर्दूतही. तो मुलगा त्या गच्चीवर एक पत्रा आडवा टाकून, त्याला पांढरा रंग देत, मांडी घालून बसला होता. माझ्याहून वर्षभरानं मोठा असेल. मला बघून हसला आणि परत रंगाकडं वळला. माझा भाता तिथंच थांबला. लगेच खालून आईचा आवाज, "का गं, झोपली का?" तेवढ्यात मामा जिन्यातून वर आले. म्हणाले, "वाजव, वाजव. ह्यो माझा भाचा, मिलिंद. वैजापूरकडचा. त्याला काय ऐकू येत नाय. लहानपणी ताप डोक्यात गेला, तव्हापासून. मुकाबहिऱ्यांच्या शाळेत हाय, बोर्डिंगात. सुट्टीत म्हणलं शीक जरा रंगकाम."

असं ऐकल्यावर माणसाला वाईट वाटायला हवं. मला वाटलं नाही. मला वाटलं, देव नावाचा कुणी असलाच तर त्यानं हा माझ्यासाठी खास पाठवलाय. समोर माणूस बसलेला आहे आणि तरी तो ऐकत नाही. मी पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि अशी वाजवली की विचारू नका. मध्ये मध्ये तो ब्रश थांबवून बघायचा, मी आणखी जोरात भाता मारायची. गाणं संपलं. त्यानं ब्रश डब्यात ठेवला आणि मला दोन हातांची मिळून सात बोटं दाखवली. मला वाटलं, सात वाजले का विचारतोय. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं डोक्याला हात लावला, खडू उचलला आणि पत्र्याच्या कोरड्या कडेला लिहिलं, "चुका ७."

माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली. तावातावानं पेटी बंद करून मी खाली आले. बाबा आरशासमोर केस विंचरत होते. आरशातूनच म्हणाले, "आज सात ठिकाणी घसरलीस."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वही घेऊन गेले आणि तिच्यात लिहिलं, तुला कसं कळलं? त्यानं वही बाजूला सारली आणि माझी नक्कल करून दाखवली. पेटी वाजवणारी मी: मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर फार मोठ्या गायिकेचा भाव. मग अचानक डावी भुवई वर आणि जिभेचं टोक दातांत. मग परत मोठी गायिका. मला स्वतःबद्दल हे माहीतच नव्हतं. घरातल्या एवढ्या कानांपैकी एकालाही माहीत नव्हतं, कारण माझ्याकडं बघायचं कुणी नाही, सगळे ऐकायचे. मी हसता हसता भिंतीला टेकले. त्या दिवशी त्यानं मला नाव दिलं: एका बोटानं डावी भुवई किंचित वर सारायची. त्यांच्या शाळेत प्रत्येकाला असं खुणेचं नाव असायचं. त्याचं स्वतःचं नाव हनुवटीवर बोट टेकवून व्हायचं, तिथं विहिरीच्या काठावर पडल्याचा व्रण होता.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि तो म्हणतो, म्हणजे तो पेटीला हात लावून संगीत अनुभवत असेल, नाही का? नाही. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी मी मोठ्या गंभीरपणानं त्याचा तळवा पेटीच्या लाकडावर ठेवला आणि खर्जातला सूर धरला. त्यानं भिडेखातर मिनिटभर हात ठेवला. मग वहीत लिहिलं, "पिठाची गिरणी जास्त हलते." त्याला संगीताचं काहीएक पडलेलं नव्हतं. त्याला माझा चेहरा वाचायला आवडायचा, बोटं बघायला आवडायची, आणि चुका मोजायला तर फारच आवडायचं. आठवड्याभरात साताच्या पाच झाल्या, मग तीन. एकदा मी शून्यासाठी चेहरा दगडासारखा ठेवून वाजवलं. त्यानं एक बोट वर केलं. खुणेनं म्हणाला, एवढा चेहरा आवळलास म्हणजे एक तरी असणार.

खुणा मी भराभर शिकले. आंबा, आई, पाणी, खोटारडी. बाबा जशी माझी बोटं पट्टीवर नीट बसवायचे तशी हा माझी बोटं हवेत नीट बसवायचा. माझ्या चुकांना तिथंही तोटा नव्हता. एकदा मी अर्धा तास खपून त्याला सांगितलं की शेजारच्या गल्लीत काल लग्न झालं, खूप पाहुणे आले होते. तो हसून हसून फरशीवर आडवा झाला. मी सांगितलेलं असं निघालं की शेजारच्या गल्लीत काल म्हशीचं लग्न झालं, खूप पाहुणे आले होते. त्यानंतर आमच्यात कुणाचंही लग्न निघालं की ते म्हशीचंच.

मामांच्या पाट्या वाळल्या की त्या शहागंजात पोचवायचं काम मिलिंदकडं आलं, आणि सायकलवर पाटी धरून बसायला कुणीतरी हवं म्हणून ते माझ्याकडं. मामांना यात काही वावगं दिसलं नाही. आईनं मान हलवली, पण नाही म्हणाली नाही. मी कॅरिअरवर, मांडीवर 'जनता केश कर्तनालय' आडवं धरलेलं, आणि मिलिंद सायकल हाकतोय. त्याला मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नसल्यामुळं ती जबाबदारी माझी. डावीकडून रिक्षा आली की त्याचा शर्ट डावीकडं ओढायचा, उजवीकडून आली की उजवीकडं, टेम्पो असला तर दोनदा. शहागंजातल्या गर्दीत माझा हात त्याच्या शर्टावरून निघायचा नाही. एकदा परतताना रस्ता पूर्ण मोकळा होता. दुपारी शहर कुलूप लावल्यासारखं पडलेलं. मी तरी त्याचा शर्ट हळूच ओढला, डावीकडं. त्यानं डावीकडं पाहिलं, काहीच नव्हतं. मग उजवीकडं ओढला. तिकडंही काही नव्हतं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही, पण त्याचे दोन्ही कान गाजरासारखे लाल झालेले मला मागून स्वच्छ दिसत होते. चौकातल्या गुऱ्हाळापाशी आम्ही उसाचा रस प्यायलो आणि एकमेकांकडं न बघता परत निघालो. न बघणं म्हणजे न बोलणंच, तेव्हा त्या दिवशी बोलणंही झालं नाही.

गल्लीची पंचाईत झाली ती अशी, की आम्ही सगळ्यांच्या देखत बोलायचो आणि कुणाला काही कळायचं नाही. गच्चीवर, दारात, नळावर, आमचे हात चालूच. खालांनी एकदा आईला गाठलं. "ये दोनों दिनभर हातां हिलाते बैठते, बाई. बोलते क्या की?" आई कुरडयांचा चीक ढवळत होती. म्हणाली, "मला काय माहीत खाला. पोरं खेळत्यात." मी ते दाराआडून ऐकलं आणि फार खूश झाले. सबंध घर कानांचं, सबंध गल्ली कानांची, आणि त्यांच्या नाकासमोर मी एका मुलाला सांगत होते की तुझ्या हनुवटीवरचा व्रण मला आवडतो.

मग यंत्र आलं. भगवानमामांनी कुणाकडून तरी मिळवून आणलं, कानात घालायचं बोंड, त्याला वायर, आणि वायरीच्या टोकाला काडेपेटीपेक्षा मोठी डबी. ती खिशात ठेवायची. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता ऐकंल बघ पोरगं." मिलिंदनं ते लावलं, आणि मला वाटलं, आता ह्याचा पहिला सूर माझा. मी ठेवणीतला पंजाबी ड्रेस घातला, वेणीला गजरा माळला, गच्चीवर सतरंजी अंथरली आणि मला येत होतं त्यातलं सगळ्यात चांगलं वाजवलं. चूक एकही नाही, याची मला खात्री होती. मिलिंद तीन-चार मिनिटं बसला. कडुलिंबाचा काढा पिताना माणूस जसा बसतो तसा. मी भाता थांबवला आणि खुणेनं विचारलं, कसं?

त्यानं विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं, हा त्याच्यातला मोठा दोष. त्यानं खुणेनं सांगितलं, "भांडी. घासताना. खूप भांडी."

मला असं लागलं की मला माहीत होत्या तेवढ्या सगळ्या वाईट खुणा मी केल्या. गाढव, दगड, खोटारडा, म्हैस. तो काही वेळ बघत राहिला, मग त्यानं बोंड काढलं आणि डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाशी भांडताना हे फार अवघड असतं. तुमचं बोलणं त्याला नको झालं की तो डोळे मिटतो आणि तुम्ही तिथं हवेत हात फिरवत बसता. मी त्याच्या पापण्या बोटांनी उघडायला गेले, त्यानं चेहरा ओंजळीत लपवला. मी पेटी उचलली आणि खाली आले. तीन दिवस वर गेले नाही. घर शांत झालं. बाबांनी विचारलं, "बरं नाय का?" खाला खिडकीतून म्हणाल्या, "क्या हुआ गे, पेटी बेच डाली क्या?" आईनं माझ्या आवडीची येसर आमटी केली, भाकरी चुरून दिली, आणि मी जेवताना समोर बसून राहिली.

चौथ्या दिवशी पहाटे मी वर गेले तर तो भिंत ओलांडून आमच्या बाजूला येऊन बसलेला. कानात बोंड, खिशात डबी. वाजव, म्हणाला. मी वाजवू लागले. पहिल्या ओळीतच मला दिसलं की त्याच्या कपाळावर घाम आलाय आणि त्यानं सतरंजीची कड मुठीत आवळून धरलीय. ते यंत्र त्याच्या डोक्यात काय करत असेल ते त्याचं त्याला माहीत. माझ्यासाठी तो ते सोसत होता. तीन दिवस मला वाटत होतं की त्यानं माझा अपमान केला. आता मला माझीच लाज वाटली. मी भाता सोडला, पुढं वाकून त्याच्या कानातलं बोंड हळूच काढलं आणि त्याच्या खिशात ठेवून दिलं. त्यानं मोकळा श्वास घेतला. मग सावकाश, एकेक खूण सुटी करून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं: तू आवडतेस. पेटी नाही आवडत. पेटीवरचे तुझे हात आवडतात. आवाज नाही आवडत.

पुढं आयुष्यात मला बऱ्याच लोकांनी बऱ्याच चांगल्या गोष्टी सांगितल्या, पण इतक्या नीट विभागून कुणी सांगितल्या नाहीत. मी त्याचा हात धरला. त्याचा हात माझ्या हातात होता, म्हणजे दोघांचंही बोलणं बंद होतं. खालून आईचा आवाज आला, "का गं, झोपली का?" आणि मी उत्तर दिलं नाही.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबांच्या पार्टीतले पेटीवाले सोनवणेकाका सायकलवरून पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी वैजापूरला मार्केट यार्डाच्या मैदानावर संध्याकाळचा कार्यक्रम होता, बाबांनी शब्द दिलेला. ते दोन ठिकाणी जाऊन आले, दोन्ही पेटीवाले गुंतलेले. घरी येऊन ते खुर्चीत बसले, आधी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. म्हणाले, "बघ. जमत असंल तर." वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. मी हो म्हटलं आणि न्हाणीत जाऊन उलटी केली.

पार्टीच्या टेम्पोत आम्ही सगळे, मागं फलक घेऊन भगवानमामा आणि मिलिंद. त्याचं गाव तिथून जवळच, त्याची आई आणि दोन धाकट्या बहिणी कार्यक्रमाला येणार होत्या. मैदान गच्च भरलेलं होतं. कांद्याच्या गोण्यांच्या थप्पीवरसुद्धा माणसं चढून बसली होती. बाबांनी सूर लावला, ढोलकी आली, आणि माझी बोटं गेली. पहिल्याच ओळीत मी दोन पट्ट्या सोडल्या. ढोलकीवाल्यानं चमकून बघितलं. बाबा अनुभवी, त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, मग तिसऱ्यांदा घेतली, लोकांना वाटावं मुद्दामच चाललंय. पण त्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. आता मी उठून पळाले तर ह्यांना या गावात परत कुणी बोलावणार नाही, हे मला कळत होतं आणि तरी माझे पाय उठायच्या तयारीत होते.

मिलिंद पहिल्या रांगेत बसला होता, आई आणि बहिणींच्या मध्ये. त्यानं माझ्याकडं बघून चार बोटं वर केली. चार झाल्या. मग ती बोटं एकेक करून मिटवली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे गच्च मिटून घेतले. इतके गच्च, की नाकाला सुरकुत्या पडल्या. त्याच्या आईला वाटलं पोरगं झोपलं. तिनं कोपरानं ढोसलं. तो हलला नाही. तिनं पुन्हा ढोसलं. त्यानं डोळे मिटूनच तिचा हात बाजूला केला. एवढ्या मोठ्या मैदानात एका माणसानं मला सांगितलं होतं, माझ्याकडून तुला सुट्टी. मला हसू फुटलं. ते थेट माइकमध्ये गेलं. बाबांनी गाता गाता वळून पाहिलं, आणि त्या हसण्याबरोबर माझ्या बोटांत ऊब आली. दुसरा अंतरा मी पकडला. तिसऱ्याला बाबा मोकळे झाले, ताना घ्यायला लागले, मी मागं मागं. मध्येच बघितलं तर मिलिंदचा एक डोळा उघडा होता. मी भुवई उडवली, त्यानं पटकन मिटला.

परतताना टेम्पोत, सावंगीचा फाटा गेल्यावर बाबा म्हणाले, "निषाद बरोबर लागला आज." आमच्या घरात याच्यापुढं कौतुक नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी भर सकाळी मिलिंद त्याच्या गच्चीवर आणि मी आमच्या, आमचं बोलणं चाललं होतं. त्याची शाळा उघडायची होती. तो म्हणाला, किती पत्रं लिहिशील? मी म्हटलं, रोज. तो म्हणाला, खोटारडी. मी म्हटलं, रोज, रोज, रोज. तेवढ्यात त्याचा चेहरा उतरला आणि तो माझ्या मागं बघायला लागला. मी वळले. जिन्याच्या दारात आई उभी होती, हातात कुरडयांचं सूप. तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि खुणेनं, सावकाश पण अगदी शुद्ध, म्हणाली, "रोज नको. आठवड्याला एक. अभ्यास आहे."

माझ्या तोंडातून शब्द निघेना, आणि हातातूनही. शेवटी म्हटलं, "तुला येतं हे?"

"आमच्या वॉर्डात यशोदाबाई आया होती बारा वर्षं. तिला ऐकू येत नव्हतं. मी काय तिच्याशी चिठ्ठ्या लिहून बोलत व्हते? थोडं तिचं, थोडं तुमचंच बघून."

"म्हणजे सगळं कळत होतं?"

"म्हशीचं लग्न झालं ते बी कळलं," आई म्हणाली आणि कुरडया पसरायला लागली.

जवळ विहीर असती तर मी तिच्यात उतरले असते. हनुवटीचा व्रण, गजरा, सतरंजी, सगळं एकदम आठवलं. "मग बोलली का नाही कधी?"

"चांगलं बोलत होतात. वाईट बोलला असतात तर दोघांचे हात बांधून ठेवले असते." मग मिलिंदकडं वळून तिनं त्याला खुणेनं विचारलं, जेवलास का. तो इतका घाबरला होता की आधी हो म्हणाला, मग नाही, मग परत हो.

पुढं काय झालं ते सांगून टाकते, वाचणाऱ्याला उगीच टांगणीवर कशाला ठेवायचं. पुढच्या उन्हाळ्यात तो आला नाही. शाळा संपल्यावर त्याला नाशिकला छापखान्यात काम लागलं. पत्रं दीड वर्ष चालली, आठवड्याला एक, मग महिन्याला, मग सणाला. त्याच्याच शाळेतल्या एका मुलीशी त्याचं लग्न झालं. मी माझ्या नवऱ्यासोबत त्या लग्नाला गेले आणि तिथं मी आयुष्यात पहिल्यांदा अशा मांडवात बसले, जिथं दोनशे माणसं एकदम गप्पा मारत होती आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मी मुलींच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले. बाबांच्या पार्टीत त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमापर्यंत पेटीवर मीच होते. आता मिलिंद व्हिडिओ कॉल करतो. नातू मोबाइल धरतो आणि आम्ही दोघं म्हातारे पडद्यावर हात हलवतो. माझ्या खुणा बिघडल्यात म्हणतो. दुःख म्हणावं असं यात काही नाही. एका उन्हाळ्यापुरतं होतं आणि पुरेसं होतं.

पण तो गेला त्या दिवसाचं सांगायला हवं. आईनं मला मामांबरोबर मध्यवर्ती स्टँडवर जाऊ दिलं. एसटी फलाटाला लागलेली, इंजिन सुरू, सगळीकडं धूर आणि गोंगाट. खिडक्यांशी उभी राहिलेली माणसं आतल्या माणसांना ओरडून सांगत होती आणि आतली "काय? काय?" करत होती. कुणाचं काही कुणाला कळत नव्हतं. सबंध स्टँडवर आम्ही दोघंच आरामात बोलत होतो, काचेच्या आतून आणि बाहेरून. तो म्हणाला, रडतेस? मी म्हटलं, धूळ गेली. तो म्हणाला, दोन्ही डोळ्यांत? मी म्हटलं, आज धूळ फार आहे. त्याच्या शेजारच्या आजोबांना वाटलं पोरगं खायला मागतंय. त्यांनी त्याच्या हातात शेंगा ठेवल्या. हात भरले म्हणून त्याला बोलता येईना, तर त्यानं घाईघाईनं त्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. गाडी हलली. मी बरोबर चालत राहिले, चालता चालता बोलत राहिले, मामा मागून "अगं सांभाळ" म्हणत होते. फाटकापाशी गाडी वळली आणि खिडकी पलीकडच्या अंगाला गेली. मला वाटलं संपलं. पण तो माणसांतून वाट काढत मागच्या काचेशी आला, आणि धुळीतून मला त्याची शेवटची खूण दिसली: तळहात डोळ्यांवरून आडवा, एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या बाजूला.

ती खूण मला येत नव्हती. घरी येऊन मी वही काढली, लिहून ठेवलेल्या सगळ्या खुणा तपासल्या. त्यात नव्हती. 'परत येईन' अशी नव्हती, 'विसरू नको' अशीही नव्हती. दोन दिवस मी आरशासमोर ती करून बघत होते, हात थोडा वर, थोडा खाली, वेगवेगळे अर्थ लावत होते. तिसऱ्या दिवशी लाज सोडून आईपाशी गेले. ती ड्यूटीवरून येऊन पायावर पाणी घेत होती. मी तिच्यापुढं उभी राहिले, तळहात डोळ्यांवरून आडवा फिरवला, एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि विचारलं, "आई, या खुणेचा अर्थ काय?"

आईनं तांब्या खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिली, आणि मग पहिल्यांदाच मला जवळ ओढलं.

"अगं येडे," ती म्हणाली, "डोळे पुसत असंल तो."